चाकाची कुरकुर

कुरकुरणारी वस्तू दिसली की तेलाची बुधली शोधायची, हा संस्कार आमच्यावर फार लहानपणी झाला. गावाकडच्या घरी झोपाळ्याच्या कड्या, माजघराच्या दाराच्या बिजागऱ्या, विहिरीवरचा रहाट, या सर्वांना आई वर्षातून दोनदा तेलाचे बोट लावीत असे आणि पुढचे काही महिने घर कसे शांत होऊन जाई. कुरकुर म्हणजे कोरडेपणा आणि त्यावरचा उपाय म्हणजे स्नेह, असे ते सोपे शास्त्र. 'स्नेह' या शब्दाला तेल आणि माया हे दोन्ही अर्थ असल्यामुळे ते शास्त्र माणसांनाही लागू पडते, असे आम्हाला पुढे कित्येक वर्षे वाटत राहिले. त्याला मोटारगाडीच्या ब्रेकपाशी अपवाद आहे, हे कळायला मात्र पन्नाशी उलटावी लागली.

आमच्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकातून येणारी कुरकुर पहिल्यांदा ऐकली ती आईनेच. चैत्र नुकताच लागला होता. कोथरूडच्या एका सिग्नलला गाडी थांबत असताना मागच्या आसनावरून ती म्हणाली, "अरे, तुझं चाक ओरडतंय. तेल कधी घातलं होतंस?" आम्ही हसलो. काच वर केली, रेडिओचा आवाज थोडा वाढवला आणि पुढे निघालो. नंतर पंधरा दिवस हेच चालले. आवाज बारीक होता, पण मोठा चिवट. शेवटी आमच्या इमारतीचा पहारेकरी गाडी वळणावर दिसण्यापूर्वीच फाटक उघडू लागला, तेव्हा या प्रकाराची आम्हाला लाज वाटू लागली आणि आम्ही गॅरेज गाठले.

तिथे आम्ही जे वाक्य उच्चारले, ते नंतर पुष्कळदा आठवले. आम्ही म्हणालो, "हा आवाज तेवढा बंद करून द्या." हा आवाज कशाचा आहे ते बघा, असे आम्ही म्हणालो नाही. कारागीर तरुण होता आणि हाताचा चपळ होता. त्याने चाके काढली, पॅड बाहेर काढले, त्यांचा चकचकीत झालेला पृष्ठभाग पॉलिश पेपरवर घासला, कडा थोड्या उतरवल्या आणि एका पॅडच्या टोकाला असलेली पोलादाची बारीकशी पट्टी पकडीने मागे वाकवली. "हीच वाजत होती," तो म्हणाला. एक चहा संपायच्या आत काम झाले. गाडी गप्प झाली आणि आम्ही खूश झालो. आम्ही मागितले होते तेच आम्हाला मिळाले होते. त्याला दोष देण्याचा अधिकार आम्हाला फारसा नाही.

ती पट्टी काय होती, हे इथे सांगायला हवे. डिस्क ब्रेकची रचना मुळात सायकलच्या ब्रेकसारखीच असते. चाकाबरोबर बिडाची एक तबकडी फिरते, तिच्या दोन बाजूंना दोन पॅड असतात आणि आपण पाय दाबला की ब्रेक ऑईलच्या दाबाने कॅलिपरमधला दट्ट्या ते पॅड तबकडीवर आवळतो. धावत्या गाडीची सारी गती त्या घर्षणात उष्णता होऊन विरते आणि दर वेळी पॅडचा अणुरेणूइतका थर झिजतो. नव्या पॅडवर घर्षणद्रव्याची जाडी साधारण दहा-बारा मिलिमीटर असते. ती झिजत दोन-तीन मिलिमीटरवर आली की ती पोलादी पट्टी तबकडीला टेकते आणि किंचाळू लागते. म्हणजे तो आवाज बिघाडातून उद्भवलेला नसतो. कुणा अभियंत्याने विचारपूर्वक तिथे बसवून ठेवलेला तो निरोप असतो. मालक चाक उघडून बघणार नाही, हे त्याने गृहीत धरलेले असते. निदान ऐकेल तरी, एवढीच त्याची अपेक्षा. आम्ही त्या निरोप्याची मान मुरगळून घरी आलो होतो.

दुसरा निरोप्या आषाढात आला. गाडी वळणावर कलली की समोरच्या फलकावरचा तांबडा दिवा क्षणभर लागे आणि विझे. हँडब्रेक तर पूर्ण खाली होता. बॉनेट उघडून पाहिले तेव्हा ब्रेक ऑईलची पातळी खालच्या खुणेशी आलेली दिसली. आम्ही बाटली आणली, वरच्या खुणेपर्यंत ऑईल भरले आणि दिवा विझल्याचे पाहून हात पुसले. ब्रेकचे ऑईल इंजिनाच्या ऑईलसारखे जळत नाही. ती एक बंद व्यवस्था आहे. पातळी उतरली तर दोनच शक्यता संभवतात. एक तर कुठे तरी गळती आहे, किंवा पॅड झिजल्यामुळे दट्ट्या पुढे सरकला आहे आणि त्याच्या मागे उरलेली जागा ऑईलने भरून काढली आहे. दोन्ही शक्यता बाटलीने मिटणाऱ्या नाहीत. हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हते. ठाऊक करून घ्यावे, असेही वाटले नाही, कारण दिवा विझला होता.

गणेशचतुर्थीच्या आदल्या दिवशी आई, मुलगी आणि आम्ही असे तिघे गावी निघालो. आमची वाट नेहमीचीच, पौड, मुळशी आणि ताम्हिणी घाट उतरून माणगाव. मुळशीच्या पुढे पाऊस आला. घाटाचा उतार लागला तसा डाव्या चाकातून एक नवा आवाज येऊ लागला. जुन्या कुरकुरीशी त्याचे काही नाते नव्हते. जात्यात खडा सापडावा तशी ती घरघर होती, आणि ती कानांपेक्षा तळपायाला अधिक जाणवत होती. ब्रेक दाबला की पेडल थरथरे आणि गाडी एका अंगाला ओढ घेई. काही वळणांनंतर जळका वास आला. मुलीने विचारले, "काय झालं?" आम्ही उत्तर दिले नाही. आरशात पाहिले तेव्हा आईने पुढच्या आसनाची कड दोन्ही हातांनी धरलेली दिसली.

जरा रुंद जागा पाहून आम्ही गाडी कडेला घेतली आणि अर्धा तास थांबलो. तापलेले ब्रेक निवण्यासाठी तेवढे थांबणे भागच होते. ब्रेक ऑईल हवेतली आर्द्रता शोषून घेते आणि तसे झाले की त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट ३ या प्रतीच्या कोऱ्या ऑईलसाठी किमान २०५ अंश सेल्सिअसची मर्यादा आहे. पाणी शोषलेल्या ऑईलसाठी ती १४० अंश आहे. उतारावर सतत ब्रेक दाबून ते उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जाते; मग पाय तळाला टेकतो आणि गाडी थांबत नाही. उरलेला घाट आम्ही पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनालाच गाडी धरायला लावून उतरलो. घाट ज्या गिअरमध्ये चढावा त्याच गिअरमध्ये उतरावा, हा ट्रकवाल्यांचा जुना नियम. आम्हाला तो तोंडपाठ होता. पाळायची वेळ त्या दिवशी आली.

माणगावात त्या दिवशी एकाही गॅरेजला उसंत नव्हती. मुंबईहून गणपतीला निघालेल्या चाकरमान्यांच्या गाड्या रांगेने उभ्या होत्या. एका वयस्क मेस्त्रींनी आमची घरघर ऐकली आणि रांग मोडून आमचे चाक आधी उघडले. आतला पॅड त्यांनी आमच्या हातावर ठेवला. त्यावर घर्षणद्रव्य असे काही उरलेच नव्हते, नुसती पोलादी पाटी होती, आणि तिने तबकडीवर नांगरल्यासारख्या चऱ्या पाडल्या होत्या. बाहेरचा पॅड मात्र निम्माअधिक शाबूत. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो, त्यांतली एक गंजून धरली होती. त्यामुळे सगळा भार आतल्या पॅडवर आला आणि चाकाच्या जाळीतून डोकावणाऱ्याला दिसणारा बाहेरचा पॅड सुखात राहिला. मेस्त्रींनी ती वाकवलेली पट्टी बघितली. "ही कुणी वाकवली?" त्यांनी विचारले. आम्ही म्हणालो, "आम्हीच." ते काही बोलले नाहीत. त्यांनी जवळच्या दुकानातून तबकड्या आणि पॅड मागवले, पिना साफ केल्या आणि त्यांना उष्णता सहन करणारे ग्रीस लावले. आई पायरीवर बसून पाहत होती. "म्हणजे तेल लागतंच की," ती म्हणाली. मेस्त्री हसून म्हणाले, "आजी, जे सरकायचं त्याला लागतं. जे धरायचं त्याला लावलं, तर मेलोच."

हे वाक्य आमच्या मनात घर करून राहिले. घर्षणाच्या जागी तेलाचा थेंब पडला की तो पॅड फेकून द्यावा लागतो, कारण ते सच्छिद्र द्रव्य तेल शोषून घेते आणि मग पकड धरत नाही. कुरकुरीवर तेलाचा फवारा मारणारे लोक आम्ही पाहिले आहेत, आणि आपणही त्यांच्याहून फार वेगळे वागलो नाही, हे आम्ही जाणतो.

तबकडीच्या ब्रेकचा इतिहासही या कुरकुरीपासूनच सुरू होतो. फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ साली इंग्लंडमध्ये त्याचे पेटंट घेतले, तेव्हा तबकडीला धरण्यासाठी तांब्याचे अस्तर योजले होते, आणि धातूवर धातू घासल्याने ते असह्य किंचाळत असे. पुढे हर्बर्ट फ्रूड यांनी ॲस्बेस्टॉसचे अस्तर आणले. ते उष्णतेला दाद देत नव्हते, स्वस्त होते आणि शांतही होते. ती शांतता विसाव्या शतकातला बराच काळ टिकली. तिचे मोल मात्र अस्तर घडवणाऱ्या आणि ब्रेक झाडणाऱ्या कामगारांच्या फुप्फुसांनी चुकते केले. ब्रिटनने १९९९ साली ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी घातली आणि २००५ पासून ती साऱ्या युरोपीय संघात लागू झाली. त्याची जागा घेणाऱ्या द्रव्यांपैकी धातूचा चुरा अधिक असलेले पॅड उष्णता चांगली सोसतात, पण थोडे अधिक वाजतात. आज एखादी निर्दोष गाडीही कधी कधी कुरकुरते, त्यामागे हेही एक कारण आहे. गाडीत कसलाही आवाज नको, हा हट्ट आपण सोडलेला बरा.

मग कुठला आवाज ऐकून सोडून द्यावा आणि कुठल्या आवाजाने चाक उघडावे? रात्रभर पाऊस लागला की तबकडीवर तांबूस गंज चढतो आणि सकाळी पहिले दोन-चार ब्रेक कुरकुरतात. तो गंज पॅडच घासून काढतात. त्याची चिंता नको. हलक्या दाबाला वाजणारा आणि जोराने दाबल्यावर थांबणारा आवाज बहुधा कंपनाचा असतो. पॅडचा पृष्ठभाग तापून काचेसारखा झाला असेल, किंवा पॅडमागची पातळ पत्री, जिला मेस्त्री शिम म्हणतात, ती सैल असेल. त्यासाठी सवडीने जावे, पण जावे. काही दिवस रोज ऐकू येणारी, ऋतू पाहून न बदलणारी बारीक शीळ ही बहुधा त्या पट्टीची असते. तिच्यासाठी त्याच आठवड्यात जावे. आणि घरघर सुरू झाली असेल तर गाडी चालवूच नये. ती वेळ टळून गेल्याची खूण आहे.

पॅड किती किलोमीटरला बदलावेत, या प्रश्नाला खरे उत्तर नाही. शहरातल्या गर्दीत कुणाचे वीस हजारांत संपतात, महामार्गावर कुणाचे साठ हजारही जातात. मोजायची ती जाडी. ती तीन मिलिमीटरवर आली की बदलावेत, आणि पुढे घाट असेल तर त्याही आधी. मोजताना आतला पॅड पाहावा. तो पाहायचा तर चाक काढावे लागते, आणि तेवढा आग्रह आपणच धरावा लागतो. एका चाकाचे बदलायचे तर जोडीच्या दुसऱ्या चाकाचेही बदलावेत, नाही तर गाडी एका बाजूला ओढते. तबकडीवर तिची किमान जाडी कोरलेली असते, तीही पाहून घ्यावी. नवे पॅड घातल्यावर गाडी हलवण्यापूर्वी पेडल घट्ट लागेपर्यंत काही वेळा दाबावे आणि पहिले दोन-तीनशे किलोमीटर जपून हाकावी. यातले काहीच अवघड नाही. आम्हाला अवघड गेले ते चारचौघांत कुरकुरणाऱ्या गाडीत बसून राहणे.

असो. गौरी-गणपती उरकून आम्ही परत निघालो, तेव्हा रात्रभराच्या पावसाने अंगण भिजले होते. गाडी मागे घेताना नव्या ब्रेकने एकदा कुरकुर केली. आई मागे बसली होती. ती काहीच बोलली नाही, नुसती आमच्याकडे बघत राहिली. आम्ही इंजिन बंद केले, खाली उतरलो आणि विजेरीच्या उजेडात चाकाच्या जाळीतून पाहिले. तबकडीवर ताज्या गंजाचा तांबूस थर होता, पॅड भरीव होते. फाटकापाशी पोचेपर्यंत आवाज थांबला.

"पाहिलंस ना नीट?" आईने विचारले.

"पाहिलं."

"मग चल."