चार बिनहुकमी

ब्रिजमधल्या बोलीचा अर्थ शब्दकोशात सापडत नाही. मराठी शिकवणाऱ्या मला या खेळाची गोडी लागली ती त्यामुळेच. जोडीदाराच्या 'एक बिनहुकमी'वर आपण 'दोन किलवर' म्हणतो, तेव्हा हातात किलवर असतेच असे नाही. 'बदामाची किंवा इस्पिकची चार पाने आहेत का?' एवढेच आपण विचारीत असतो. १९४५ साली स्टेमन यांनी हा संकेत प्रसिद्ध केला. ब्लॅकवुड यांच्या १९३३ सालच्या संकेतात 'चार बिनहुकमी' म्हणजे 'एक्के किती?' 'पाच चौकट' म्हटले की एक, 'पाच बदाम' म्हटले की दोन. मात्र यात लपवाछपवी चालत नाही. प्रतिपक्षाने विचारले, तर बोली करणाऱ्याच्या जोडीदाराने तिचा अर्थ सांगायचा.

उत्तनला आमचे नाना राहतात. खेळात त्यांच्या जोडीदार काकूच असत. त्या गेल्यापासून दर रविवारी त्यांच्या खुर्चीवर मी बसतो. नानांची पत्त्यांतली बोली मला चटकन कळू लागली. घरातली कळायला मात्र एक पावसाळा गेला. 'भूक नाही' म्हणजे एकट्याला जेवण जात नाही. 'बाहेर वारा फार आहे' म्हणजे इतक्यात उठू नका. अर्थ सांगणारा जोडीदारच आता घरात नाही.

परवा डाव आटोपल्यावर ते म्हणाले, "पुढल्या रविवारी काही तुम्हाला जमायचं नाही, प्रोफेसर."

"येतो," मी म्हणालो.

निघणारा मराठी माणूस 'येतो'च म्हणतो. पण नानांनी त्याचा सरळ अर्थ घेतला असावा; पत्ते पेटीत न भरता त्यांनी टेबलावरच राहू दिले.