विहिरीचा फुटव्हॉल्व्ह आणि काळजाची झडप

विहिरीत सोडलेल्या पाइपाच्या तळाला फुटव्हॉल्व्ह असतो. पाणी वर जाऊ द्यायचे, माघारी येऊ द्यायचे नाही, एवढेच त्याचे काम. तुमच्या-माझ्या काळजातही अशा चार झडपा आहेत. हृदयातून शरीराला रक्त सोडणारी झडप उतारवयात काहींची चुना साचून ताठ होते, पुरती उघडत नाही. मग चालताना धाप लागते, छातीत दुखते, कधी भोवळ येऊन माणूस पडतो. घरचे म्हणतात, वय झाले. पण झडप फार अरुंद होऊन त्रास सुरू झाला, की उपचारावाचून बरेच रोगी दोन-तीन वर्षांत दगावतात.

आमचे थोरले चुलते 79 वर्षांचे. अंबड तालुक्यात आमची मोसंबीची बाग आहे. बांधाच्या या टोकाहून त्या टोकाला जाताना ते दोनदा बसू लागले, तेव्हा जालन्याला नेऊन इको काढला. ही झडप गोळ्यांनी उघडत नाही, बदलावीच लागते, असे डॉक्टर म्हणाले. छातीचे हाड कापायचे, हृदय थांबवून रक्त यंत्रातून फिरवायचे, हे ऐकताच चुलते म्हणाले, "मला घरी न्या."

दुसरीही वाट आहे. फ्रान्समधील रूआँ शहरात 2002 साली डॉ. अलेन क्रिबिए यांनी छाती न उघडता ही झडप माणसाला पहिल्यांदा बसवली. आता ती बहुधा जांघेतल्या धमनीतून दुमडून वर नेतात आणि जुन्या झडपेच्या आतच उघडतात. माणूस थोड्याच दिवसांत घरी येतो. ही झडप गुराच्या किंवा डुकराच्या हृदयाच्या आवरणापासून करतात. काकूंनी पहिला प्रश्न हाच विचारला. घरात हे लपवू नये.

धोका यातही आहे: पक्षाघात, रक्तस्राव, कधी पेसमेकर बसवावा लागणे. लहानपणी सांधे सुजवणाऱ्या तापाने झडप बिघडलेल्या तरुणांचा उपचार बहुधा वेगळा असतो. शिवाय खर्च अनेक लाखांत जातो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून यातले काय मिळते, ते आधीच आरोग्यमित्राला विचारा.

"माझ्या छातीपायी रान विकायचं नाही," हे चुलत्यांनी बजावले आहे. तरी धमनीची रुंदी आणि झडपेचे माप पाहण्यासाठी सीटी स्कॅनला ते तयार झाले. त्या दिवशी मोसंबीला पाणी कोण देणार, हे त्यांनी आजच धाकट्याला सांगून ठेवले आहे.