पिवळा दिवा

मोटारीच्या चक्रामागे दिव्यांची जी आरास असते, तिच्यात एक दिवा मोठा चमत्कारिक आहे. पिवळ्या रंगाची, वरून उघडी अशी कढईसारखी आकृती आणि तिच्या पोटात एक उद्गारचिन्ह! आमच्या सौभाग्यवतींनी तो प्रथम पाहिला तेव्हा त्यांना वाटले, गाडीत कुठे तरी काही करपते आहे. तर्क अगदीच वाया गेला नाही. ती कढई म्हणजे टायरचा आडवा छेद. आणि चाकात हवा कमी असली की टायर चालता चालता आतून खरोखरच तापत जातो.

वाकडात राहून मोटारींविषयी मत नसणे कठीण. सकाळी भूमकर चौकात पाच मिनिटे उभे राहावे, म्हणजे हिंजवडीकडे निघालेल्या गाड्यांचा पूर दिसतो. मुंबईच्या द्रुतगती मार्गाकडे जाणारी वाटही आमच्या उशालाच. पण एवढ्या गाड्या बाळगणाऱ्या या वस्तीत त्या दिव्याविषयीचे मत मात्र एकच ऐकू येते : ‘लागतो कधी कधी, जातो आपोआप.’

हे ‘आपोआप’ मला सोसत नाही. पिंपरीच्या कारखान्यात तीस वर्षे मापे घेण्यात गेलेला मी माणूस. हवा थंड झाली की आकसते. साडेपाच अंश उष्णता उतरली की चाकातला दाब सुमारे एक पौंडाने उतरतो. (पौंड म्हणजे चौरस इंचावरचा, हवा भरणारा पोऱ्याही हाच शब्द वापरतो.) दुपारी ३२ अंशांत मोजलेली हवा अभ्यंगस्नानाच्या पहाटे १६ अंशांवर आली की कुठेही न गळता तीन पौंड गेलेले असतात. मग गाडी धावते, टायर तापतो, दाब चढतो, दिवा विझतो आणि मालक निर्धास्त होतो. पण अमेरिकेच्या नियमाप्रमाणे हा दिवा ठरलेल्या दाबाच्या पाव हिस्सा हवा गेली की लागला पाहिजे. म्हणजे ३३ पौंडांच्या चाकात २५च्या खाली. भरल्या चाकाला तीन पौंडांची थंडी सहज पचते. थंडीने दिवा लागला, याचा अर्थ चाक आधीपासूनच उपाशी होते!

गेल्या भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मुलगी, जावई आणि सव्वा वर्षाचा नातू ठाण्याला परत निघाले. दिवा लागला. “नाना, तो चार दिवस लागतोच आहे. थंडीने होते,” जावईबापू म्हणाले. जावयाशी वाद घालू नये, अशी आमच्या घरची रीत. पण मुलगीच म्हणाली, “अहो, नानांना एकदा बघू तर द्या.” मी खिशातले मापक काढले. तीन चाकांत ३० पौंड आणि मागच्या डाव्या चाकात २२! डोळ्यांना चारी चाके सारखीच दिसत होती. आजकालच्या रेडियल टायरचे पोट नेहमीच जरा सुटलेले असते. दत्त मंदिर रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याने इंचभर लांबीचा खिळा काढून हातावर ठेवला. जावईबापूंनी तो निमूटपणे खिशात टाकला.

चाक ‘फुटले’ असे आपण म्हणतो. जणू त्याच्या मनात आले नि ते फुटले! २०१० सालच्या ऑक्टोबरात पुण्याहून मुंबईला निघालेल्या एका मोटारीचे मागचे चाक फुटले, गाडी खोल खड्ड्यात गेली आणि आतले एक गृहस्थ दगावले. विमा कंपनीचे म्हणणे, ही दैवी आपत्ती. मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ साली ते मानले नाही. टायर फुटणे ही माणसाची हयगय ठरवून सव्वा कोटी रुपयांची भरपाई कायम केली. न्यायालयाला जे दिसले ते आमच्या वाहनतळावर कुणाला दिसत नाही.

हा दिवा दोन तऱ्हांनी हवा ओळखतो. काही गाड्यांत प्रत्येक चाकाच्या आत, व्हॉल्व्हपाशी, एक चिमुकले यंत्र बसवलेले असते. ते दाब मोजून बिनतारी निरोप धाडते. काही गाड्यांत तसे यंत्रच नसते. हवा कमी झालेले चाक किंचित बुटके होते, म्हणून इतरांपेक्षा जास्त फेरे घेते. ब्रेकच्या यंत्रणेला ते कळते. यात मेख अशी की चारी चाके सारखीच उतरली तर हिला पत्ता लागेलच असे नाही. आणि दिवा आधी मिनिटभर लुकलुकून मग स्थिर झाला, तर बहुधा दुखणे हवेचे नसून यंत्रणेचेच असते. हवा किती हवी, ते चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर छापलेले असते. टायरवरचा आकडा हा कमाल मर्यादेचा. तेवढी हवा मारून घेणारे महाभागही मी पाहिले आहेत. मोजायचे ते गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, पहाटे.

२०२०च्या जुलैत आपल्या सरकारने नियम बदलला : ट्यूबलेस टायर, हा दाबमापक आणि दुरुस्तीचे साहित्य असेल तर लहान गाडीत स्टेपनी नसली तरी चालेल. (वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवर हे जादा चाक १९०४च्या सुमारास बनू लागले, रस्त्याचे नाव आपल्या पंक्चरवाल्यांच्या तोंडी अजून आहे.) आमच्या नव्या गाडीतही मागचे झाकण उचलले तर चाक नाही, एक छोटा पंप आणि चिकट द्रवाची बाटली. त्या रिकाम्या जागेत फराळाचे तीन डबे नेमके बसतात, हे सौभाग्यवतींनी पहिल्याच दिवशी मोजून ठेवले आहे.