विणीतला कच्चा धागा

रक्ताळणाऱ्या हिरड्यांची बाजू घ्यायला आपल्याकडे कुणी वकील उभा राहत नाही! रक्त दिसले, की निकाल ठरलेला: "दात नीट घासत नसशील."

सात रस्त्याला राहणाऱ्या माझ्या भाचीने हा निकाल लहानपणापासून ऐकला. पोरगी दोन वेळा दात घासणारी, तरी हिरड्या सुजलेल्याच. आपली सोलापुरी कडक भाकरी चावताना तिचा जबडा कटकन् सरके. जीभ नाकाच्या शेंड्याला लावून दाखवी, ती तर घरातली करमणूकच. पुढे एका दंतवैद्यांनी बधिरतेची सुई टोचून दाढ काढायला घेतली. ती कळवळली, तेव्हा ते म्हणाले, "उगाच नाटक नको."

नाटक नव्हतेच ते. तिची मागे वळणारी बोटे नि ताणली जाणारी कातडी पाहून दुसऱ्या डॉक्टरांनी विकाराचे नाव सांगितले: एलर्स-डॅनलॉस. डेन्मार्कच्या एलर्सने १९०१ साली नि फ्रान्सच्या डॅनलॉसने १९०८ साली वर्णिलेला हा जन्मजात विकार. सुईचा परिणाम अपुरा होणे, हेही त्यात पुष्कळदा आढळते.

मागाच्या गावाला हे समजायला अवघड नाही. कातडी, सांधे, हिरड्या हे सारे कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांनी विणलेले असते. दातही अशाच धाग्यांनी हाडाला बांधलेले. सूतच कच्चे, तर चादर नुसती स्वच्छ ठेवून कशी टिकावी? २०१७ च्या वर्गीकरणात या विकाराचे १३ प्रकार सांगितले आहेत. त्यांतल्या एकात तर कोवळ्या वयातच दातांभोवतीचे हाड झिजू लागते.

यावर मुळावरचे औषध नाही, जपणूक आहे. मऊ ब्रश, ठराविक काळाने दंतवैद्यांकडून सफाई, जबड्याला विसावा. आणि खुर्चीत बसण्यापूर्वीच विकाराचे नाव सांगून टाकायचे, म्हणजे डॉक्टर सुईचा परिणाम तपासूनच हत्यार उचलतात.

विकार बहुधा आईबापांकडून येतो, हे ऐकून माझी ताई गप्प झाली. चाळिशीतच तिला कवळी लागली होती. सासरी तिला 'आळशी' म्हणत, आणि तेच ती मुलीला ऐकवीत आली होती. डॉक्टर म्हणाले, "तुमचेही कदाचित हेच असेल." ताईने मुलीचा हात हाती घेतला, बोलली मात्र काहीच नाही.

हल्ली ती कडक भाकरी आमटीत कुस्करून वाढते. आपल्या ताटात नि मुलीच्याही.