खडूची रेघ

यवतमाळ जिल्ह्याचा नकाशा उघडला की दोन नद्या प्रथम नजरेत भरतात. पूर्वेच्या अंगाने वर्धा वाहते आणि दक्षिणेच्या अंगाने पैनगंगा. काळी जमीन, कपाशीची शेते, मधूनमधून सागवानाची राने आणि वैशाखात भट्टीसारखे तापणारे आभाळ, अशा या मुलखातून समुद्र फार दूर आहे. येथील कितीतरी माणसे समुद्राचे नाव आयुष्यभर ऐकतात. परंतु त्याचे दर्शन घडण्याचा योग त्यांच्या वाट्याला येत नाही.

उमरखेड तालुक्यात पैनगंगेच्या काठी असलेल्या एका खेड्यात एक गुरुजी ३४ वर्षे भूगोल शिकवीत होते. दरवर्षी महाराष्ट्राचा नकाशा शिकविण्याची वेळ आली म्हणजे ते फळ्यासमोर उभे राहत आणि पांढऱ्या खडूने उत्तरेकडून दक्षिणेकडे एक रेघ सरकन ओढीत. रेघेच्या डावीकडे निळा खडू आडवा घासला की अरबी समुद्र तयार होई. मग गुरुजी सांगत, "हा आपला पश्चिम किनारा. लांबी ७२० किलोमीटर." मतलई वारे, खारे वारे, भरती, ओहोटी हे सारे ते इतक्या रंगून शिकवीत की मुलांना वाटे, गुरुजींचे बालपण लाटांवरच गेले असावे.

खरी गोष्ट निराळी होती. गुरुजींनी समुद्र कधीच पाहिला नव्हता. तुटपुंजा पगार, घरची चार एकर कोरडवाहू शेती, बहिणींची लग्ने आणि आईचे आजारपण यांतून प्रवासासाठी पैसा आणि सवड त्यांना कधी लाभलीच नाही. न पाहिलेली गोष्ट शिकविण्यात काही पाप नाही, हे ते जाणत होते. सहारा वाळवंट आणि ध्रुवप्रदेश तरी किती शिक्षकांनी पाहिलेले असतात? तरीही एक प्रसंग त्यांच्या मनात काट्यासारखा रुतून बसला होता.

सातवीच्या वर्गात एकदा एका मुलीने उभे राहून विचारले होते, "गुरुजी, समुद्राचा वास कसा असते?" पुस्तकात या प्रश्नाचे उत्तर नव्हते. सारा वर्ग त्यांच्या तोंडाकडे पाहत होता. गुरुजी क्षणभर थांबले आणि मग ठामपणे म्हणाले, "मिठासारखा." मुलगी खाली बसली, तास पुढे गेला. घरी जाताना मात्र गुरुजींना वाटले, 'मला ठाऊक नाही' एवढे तीन शब्द आपल्याला का उच्चारता आले नाहीत? पुढे एका पुस्तकात त्यांनी वाचले की मिठाला वास नसतो. समुद्रातील सूक्ष्म वनस्पती आणि त्यांच्यावर जगणारे जीवाणू यांच्यापासून जो वायू निर्माण होतो, त्याचा तो वास असतो. परंतु तोवर ती मुलगी शाळा सोडून गेली होती.

पुढे पुष्कळ वर्षे लोटली. गुरुजी सेवानिवृत्त झाले. ती मुलगी लग्न होऊन गावातच राहिली होती. आता ती चाळिशी ओलांडलेली, कष्टाने रापलेली शेतकरीण होती आणि गावातील महिला बचत गटाची प्रमुख होती. एका वर्षी कपाशीची वेचणी आटोपल्यावर ती गटातील पाच बायकांना घेऊन गुरुजींच्या अंगणात आली. त्या साऱ्याजणींनी थोडे थोडे पैसे बाजूला टाकून समुद्र पाहण्यास जायचे ठरविले होते. "गुरुजी, तुमी आन् बाई संगं चला," ती म्हणाली. "आमाले त्या समुद्राचं काई समजत नाई. तुमाले सारं ठावं हाय."

गुरुजींच्या पत्नीने त्यांच्याकडे पाहिले. त्या काहीच बोलल्या नाहीत. गुरुजीही बोलले नाहीत. त्यांनी केवळ मान हलविली.

ती आठ माणसे बसने बडनेऱ्यास गेली, तेथून आगगाडीने मुंबईस आणि मग कोकण रेल्वेने कुडाळास उतरून मालवणास पोहोचली. मुक्कामी जाईपर्यंत रात्र झाली होती. अंधारात समुद्र दिसला नाही. केवळ त्याची गाज ऐकू येत होती. ज्वारीच्या कणसांवरून वारा जावा तसा तो आवाज बायकांना वाटला. गुरुजी मात्र बराच वेळ जागे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसात वाजता ती मंडळी मालवणच्या धक्क्यावर एका लहान यांत्रिक होडीत बसली. होडीवर तांडेल आणि एक तरुण खलाशी, असे दोघेच होते. तांडेलाने सर्वांना जाकिटे बांधावयास लावली आणि उभ्या राहिलेल्या एका बाईस म्हटले, "उभे रवा नकात, बसान रवा." मग त्याने खलाशास नांगर उचलण्यास सांगितले. तो शब्द ऐकताच बायका चकित झाल्या. पाण्यात नांगर कशाला? खलाशाने दोर ओढून लोखंडी आकडा वर काढला, तेव्हा त्यांना हसू आले. त्यांचा नांगर जमीन उघडतो, तर येथील नांगर नावेला जागच्या जागी धरून ठेवतो. नाव एक, पण कामे दोन!

होडी निघाली. पाठीवर गार वारा लागत होता. गुरुजींनी मागे वळून पाहिले. सह्याद्रीच्या निळसर रांगेवर सूर्य आला होता आणि वारा त्याच बाजूने येत होता. रात्री जमीन पाण्यापेक्षा लवकर निवते. म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. ही वाक्ये त्यांनी ३४ वेळा शिकविली होती. "हा मतलई वारा," ते पुटपुटले. तांडेलाने आश्चर्याने मान वळविली आणि तो हसला. त्याचे वडील याच वाऱ्यावर शीड सोडून पहाटे मासेमारीस जात आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर परतत, असे त्याने सांगितले. गुरुजींच्या पुस्तकात जी व्याख्या होती, ती या घरात पोट भरण्याची रीत होती.

समोर सिंधुदुर्ग उभा होता. शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर या किल्ल्याची पायाभरणी केली आणि सुमारे तीन वर्षांत तो उभा राहिला. पायाचे दगड बसविताना शिशाचा रस ओतला गेला. तट सुमारे तीन किलोमीटर लांबीचा असून तो इतका वळत वळत जातो की महाद्वार अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. ओहोटी लागली होती. ठिकठिकाणी काळे खडक पाण्यातून डोके वर काढीत होते आणि तांडेल त्यांच्यामधून होडी नेमकी काढीत होता. शत्रूच्या मोठ्या गलबतांना हे खडकच पहिला अडसर होत, हे तेथे कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

किल्ल्यात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा तीन विहिरी आहेत. चहूकडे खारे पाणी असताना या विहिरींचे पाणी गोडे आहे. बायका तेथे बराच वेळ थांबल्या. चैत्र-वैशाखात कोरड्या पडलेल्या विहिरीत पोहरा सोडून चिखल वर काढणाऱ्या त्या बायकांना तट आणि बुरूज यांपेक्षा ती विहीर मोठी वाटली, यात नवल नव्हते.

पुन्हा होडीत बसल्यावर गुरुजींनी तांडेलास विचारले, "भरतीची वेळ तुम्ही कशी ओळखता?" तांडेल म्हणाला की तिथीची पाऊणपट करावी. त्या दिवशी चतुर्थी होती. चारची पाऊणपट तीन. म्हणून तीनच्या सुमारास पूर्ण भरती आणि त्याआधी सहा तास, म्हणजे नवाच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. चंद्र दररोज सुमारे पाऊण तास उशिरा उगवतो आणि भरतीही तितकीच मागे सरकते, हे गुरुजींनी शिकविले होते. परंतु त्यातून असा सोपा हिशेब निघतो, हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांनी खिशातील वही काढून तो लिहून घेतला.

होडी तारकर्लीच्या पांढऱ्या वाळूला उजाळा देणारे ऊन पाहत दक्षिणेकडे निघाली. आणि येथे गुरुजी अगदी गप्प झाले. ज्या किनाऱ्याची रेघ त्यांनी एका झटक्यात ओढली होती, तो किनारा सरळ नव्हताच. कोठे खडकाचे नाक पुढे आले होते, कोठे वाळू पोटाशी घेतलेली चंद्रकोर होती. देवबागेजवळ तर जमिनीची एक अरुंद जीभ एका बाजूस समुद्र आणि दुसऱ्या बाजूस कर्ली नदी यांच्यामध्ये पुढे सरकत गेली होती आणि टोकाशी नदी व समुद्र एकमेकांस भेटत होते. हे सारे रस्त्यावरून असे दिसले नसते. किनारा संपूर्ण पाहावयाचा तर जमीन सोडून पाण्यावरच जावे लागते. इटलीच्या वायव्य किनाऱ्यावर चिंक्वे तेर्रे नावाची पाच गावे उभ्या कड्यांना बिलगून वसली आहेत. तेथील शेतकऱ्यांनी शेकडो वर्षे दगडी बांध रचून डोंगरावर द्राक्षांचे मळे उभे केले. १९९७ साली त्या प्रदेशाला जागतिक वारशात स्थान मिळाले. ती गावे आणि ते बांध एका नजरेत पाहता यावेत म्हणून तेथेही लोक अशाच होड्यांतून हिंडतात. आपल्या या किनाऱ्यापाशी मात्र गुरुजींना यावयास उभे आयुष्य लागले होते.

संगमापाशी तांडेलाने यंत्र बंद केले. होडी हलकेच डोलू लागली. गुरुजी त्या बाईकडे वळले आणि म्हणाले, "तू सातवीत असताना मला एक प्रश्न विचारला होतास. समुद्राचा वास कसा असतो, असा. मी मिठासारखा असे सांगितले. मला ते ठाऊक नव्हते. मी समुद्र कधी पाहिलाच नव्हता. आज प्रथमच पाहतो आहे."

बाकीच्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. ती बाई मात्र हसली. "मले तं तवाच समजलं होतं, गुरुजी," ती म्हणाली. "मी घरी जाऊन मिठाच्या मडक्यात नाक घातलं. वास काईच आला नाई. तवा ठरवलं, हे आपल्यालेच जाऊन पाहा लागंल."

गुरुजींच्या डोळ्यांत पाणी आले. आपले चुकीचे उत्तर त्या मुलीने घरी जाऊन तपासले होते. आणि इतकी वर्षे ते ओझे वाहण्यापेक्षा एकदा विचारले असते, तर ते केव्हाच हलके झाले असते!

तिने पिशवीतून एक लहान गडू काढला. त्यात पैनगंगेचे पाणी होते. नदी समुद्राला मिळते, म्हणून आपल्या नदीचे पाणी समुद्राला वाहावे, या भावनेने तिने ते इतक्या दूर जपून आणले होते. गुरुजी क्षणभर घुटमळले. पैनगंगा वर्धेला मिळते, ते पाणी पुढे प्राणहितेतून गोदावरीत जाते आणि गोदावरी पूर्वेच्या समुद्रास मिळते. हे पाणी या समुद्राचे नव्हते. श्रद्धेने आणलेल्या पाण्यापाशी हे सांगावे काय? परंतु नुकत्याच फिटलेल्या ऋणाचे त्यांना स्मरण झाले आणि त्यांनी सारे स्पष्ट सांगितले.

बाईचा हात थांबला. मग गुरुजी पुढे म्हणाले, "पण आणखी एक गोष्टही खरी आहे. पावसाळ्यात आपल्याकडे येणारे ढग दोन्ही समुद्रांवरून येतात. या समुद्रावरचे ढग सह्याद्री ओलांडून येताना पुष्कळसे रिते होतात; तरी उरलेले आपल्या शिवारापर्यंत पोहोचतात. तुझ्या गडूतले काही थेंब इथूनच आलेले असतील."

तांडेल हे ऐकत होता. मृग लागला की आपण होड्या ओढून किनाऱ्यावर घेतो आणि जून-जुलै हे दोन महिने मासेमारी बंद असते, असे तो म्हणाला. बायकांनी माना डोलविल्या. त्याच मृगात त्या पेरणीसाठी आभाळाकडे डोळे लावून बसत. जो ढग याची होडी किनाऱ्यास लावतो, तोच त्यांचे शेत पेरतो.

"मंग पावण्याले त्याच्या घरी पोचवून देते," असे म्हणून तिने गडू हळूच वाकविला. पैनगंगेचे पाणी पाहता पाहता त्या निळ्या पाण्यात मिसळून गेले. परतताना वारा समोरून येऊ लागला होता आणि त्याला समुद्राचा वास होता.

गावी आल्यावर शाळेने गुरुजींना मुलांशी बोलण्यास बोलाविले. त्यांनी खडू हातात घेतला आणि किनारा काढू लागले. यावेळी रेघ सरकन ओढली गेली नाही. खाड्या, भूशिरे, नद्यांची मुखे दाखवीत ती हळूहळू खाली उतरली. मग ते म्हणाले, "भारताच्या किनाऱ्याची लांबी पूर्वी सुमारे ७,५१६ किलोमीटर मानीत. अलीकडे नव्याने मोजणी झाली, तेव्हा ती ११,०९८ किलोमीटर भरली. किनारा एवढा वाढला नाही. मोजणाऱ्यांनी तो अधिक जवळून मोजला."

मागच्या बाकावरील एका मुलाने हात वर केला. "गुरुजी, समुद्राच्या तळाशी काय असते?"

गुरुजी हसले आणि म्हणाले, "मी तो पाहिलेला नाही. पुस्तकात काय लिहिले आहे ते सांगतो. पाहून येण्याचे काम तुझे."