शिकागो ते कर्जत : एका पुडीचा प्रवास

मुलगी आणि जावयाकडे महिनाभर राहून आम्ही दोघे जूनच्या पहिल्या आठवड्यात शिकागोहून परत निघालो. मृग निघायच्या आत कर्जतला पोचायचे, हे जातानाच ठरले होते. विस्तार अधिकाऱ्याने पेरणीच्या तोंडावर तालुक्याबाहेर असणे बरे दिसत नाही.

आता आपल्या खेड्यांतूनही कितीतरी आईवडील मुलांकडे परदेशी जातात. म्हणून प्रवासाच्या दोन गोष्टी आधी सांगतो. शिकागो ते दुबई सुमारे चौदा तास आणि पुढे मुंबईपर्यंत तीन तास. विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून, ताशी नऊशे किलोमीटरच्या आसपास वेगाने जाते. बाहेर शून्याखाली पन्नास अंश थंडी, आणि आतली हवा मात्र उन्हाळ्यातल्या वाऱ्यासारखी कोरडी. म्हणून तहान नसली तरी घोट घोट पाणी प्यावे. एका जागी बसून पाय सुजतात, तेव्हा तासा-दोन तासांनी उठून चार पावले चालावे. रोजची औषधे मोठ्या पेटीत न टाकता हातातल्या पिशवीत ठेवावीत.

या औषधांपायीच सगळे रामायण घडले. अर्ध्या रात्री सौ.ने गोळी काढायला पिशवी उघडली आणि गोळ्यांबरोबर कागदाची एक पुडी माझ्या मांडीवर पडली. उघडून पाहतो, तर टोमॅटोचे बी!

"अहो, लेकीच्या शेजारणीनं दिलंय. बशीएवढी टमाटी लागतात म्हणे. आपल्या तात्यांनी सांगितलं होतं ना, येताना तिकडचं बी आणा म्हणून?"

तात्या म्हणजे आमचे बागायतदार स्नेही. त्यांनी सांगितले होते हे खरे. मी हसून वेळ मारून नेली होती, हेही खरे.

"चार बियांनी काय आभाळ कोसळणार आहे?" असे म्हणून सौ. झोपी गेल्या. माझी झोप मात्र उडाली.

आमचे विमान सूर्याच्या सामोरे चालले होते, म्हणून ती रात्र फार लहान होती. चार घटका अंधार होतो न होतो तोच खिडकीशी तांबडे फुटले. तेवढ्या वेळात मला बांधावरचे गाजरगवत आठवले. ते मूळचे अमेरिका खंडातले. 1955 च्या सुमारास पुण्यात त्याची नोंद झाली. आयात गव्हाबरोबर ते आले असे मानतात. आज त्यापासून सुटलेला बांध दाखवा! टोमॅटो पोखरणारी टुटा नावाची नागअळी दक्षिण अमेरिकेतली, ती 2014 साली पुण्याकडे सापडली. मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी 2018 साली कर्नाटकात दिसली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात आली. यांतले काय कोणत्या वाटेने आले, हे सांगणे अवघड. पण टोमॅटोचे काही विषाणू बियांच्या सालीला चिकटून प्रवास करतात, हे मी स्वतः शिबिरांतून सांगत आलो आहे. बी वरून स्वच्छ दिसते. रोग डोळ्यांना दिसत नाही.

परदेशी बियाणे आणायचे तर आपल्याकडे त्याला नियम आहे. 2003 च्या आदेशाप्रमाणे आधी परवाना लागतो आणि बी जिथून निघाले त्या देशाचा आरोग्य दाखला लागतो. संशोधनासाठी येणारे वाणसुद्धा आधी वेगळे ठेवून तपासतात. लोकांना हे सांगणाऱ्याच्याच खिशात पुडी!

मुंबईला मध्यरात्र उलटून गेली होती. सामान घेतल्यावर दोन वाटा असतात. सांगण्यासारखे काही नसेल तर हिरवी, असेल तर लाल. खरे सांगतो, हिरव्या वाटेकडे पाय ओढत होते. डोळे तारवटलेले, घड्याळ साडेदहा तास पुढे गेलेले आणि घर अजून लांब. तरी लाल वाटेला वळलो आणि पुडी टेबलावर ठेवली. तिथल्या साहेबांनी कागद केला, पुडी ठेवून घेतली. अर्धा तास मोडला, इतकेच.

बाहेर मोटारवाल्याला कर्जत म्हटले, तर तो म्हणाला, "दोन तासांत सोडतो!"

"बाबा रे, ते रायगडातले. आमचे अहिल्यानगर जिल्ह्यातले, राशीनच्या पुढचे." त्याचा चेहरा पाहून सौ.ना हसू आले. तोवर त्या माझ्याशी बोलत नव्हत्या.

भिगवणला वळलो तेव्हा चांगलेच उजाडले होते. उजनीचे पाणी पार ओसरले होते. राशीन मागे पडले आणि दोन्ही बाजूंना नांगरून तापत पडलेली रानं दिसू लागली. सतरा तास ढगांच्या वर राहून आलो होतो, पण ढगाची खरी वाट पाहणारी माणसे इथे होती.

दुसऱ्या दिवशी तात्या आले. चहा व्हायच्या आत त्यांनी विचारले, "साहेब, बी आणलं का न्हाय?"

झाले ते सांगितले. तात्या जरा हिरमुसले. "बशीएवढी म्हणता?" असे दोनदा विचारले. मग म्हणाले, "लष्करी अळीनं माझा मका चाळणी केला होता. पोंग्यात औषध टाकता टाकता कंबर मोडली. राहू द्या ते बी."

मग मी माझी वही काढली. शिकागोच्या बाहेर, इलिनॉय राज्यात, मी रोज शेते पाहायला जात असे. काळी जमीन, मका आणि सोयाबीन. कित्येक शेतकरी मागच्या पिकाची धाटे जाळत नाहीत, नांगरतही नाहीत. ती तशीच रानावर ठेवून त्यांतूनच पेरतात. ओल टिकते आणि माती वाहून जात नाही.

"धाटात पाभर चालती कशी?" तात्यांनी विचारले.

त्यांची शेकडो एकरांची यंत्रे आपल्याला नकोत. पण अर्ध्या एकरावर करून पाहता येईल, असे म्हणून मी वहीत आकृती काढू लागलो. तात्या खुर्ची जवळ ओढून बसले. दिवेलागण होईपर्यंत आम्ही उठलो नाही.

परदेशाहून जरूर काही आणावे. वहीत मावेल ते आणावे. त्याला दाखला लागत नाही आणि त्याने शेजाऱ्याचे रान बिघडत नाही.