सागवानातला संगणक

आज संगणकाच्या पेटीला पॉलिशचा शेवटचा हात मारून झाला. जुन्या दाराच्या फळ्यांवर रंधा फिरवला आणि काळ्या पडलेल्या थराखालून सागाचा तो मधाळ रंग, तेलकट वास बाहेर आला, तेव्हाच ठरवलं होतं, याच्यावर सनमायका चढवायचा नाही.

संगणकाला लाकडाची पेटी काही नवी नाही. १९७६ साली ॲपल-१ हा संगणक आला तो नुसता बोर्ड म्हणून. किंमत ६६६.६६ डॉलर, पेटी ज्याची त्याने करायची. बऱ्याच जणांनी ती लाकडाची केली. स्मिथसोनियन संग्रहालयातल्या ॲपल-१ची पेटीही लाकडीच आहे. यंत्राला माणसाच्या हाताचा असा स्पर्श झालेला मला फार आवडतो.

माझा मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड जेमतेम १७ सेंटिमीटर लांब-रुंद, त्यामुळे पेटी आटोपशीर झाली. खरा विचार करायला लावला तो हवेने. पत्रा उष्णता बाहेर टाकतो, लाकूड ती कोंडून धरतं. म्हणून समोर खालच्या अंगाला हवा आत ओढणारा १२० मिलिमीटरचा पंखा आणि मागे वर बाहेर फेकणारा दुसरा. भोकांच्या कडा कानशीने घासताना बोटं भरून आली, पण गोलाई सुरेख उतरली. लाकडातून वीज वाहत नाही, तेव्हा मदरबोर्डच्या स्क्रूपासून पॉवर सप्लायच्या पत्र्यापर्यंत अर्थिंगसाठी तांब्याची तार ओढली. भुसा ब्रशने झाडून मगच बोर्ड बसवला.

घरात जुनं सागवान पडलं असेल, तर ते भंगारवाल्याला देऊ नका.